बाबांच्या शेताची सेव्ह फाइल

अरे, आमच्या बाबांचं मुलुंडला शेत आहे, ठाऊक आहे का तुम्हाला? चौथ्या मजल्यावर, जुन्या कॉम्प्युटरच्या आत! रिटायर झाल्यापासून ते शेतीचा एक गेम खेळतात आणि आई रोज ओरडते, "या वयात काय हे पोरखेळ!"

परवा मी घरी नवीन कॉम्प्युटर आणला, तर बाबा आडवेच आले. "आधी माझं शेत नव्यात ने, मगच जुन्याला हात लाव."

शेत ज्यात साठवलेलं असतं ती गेमची सेव्ह फाइल शोधता शोधता माझी वाट लागली यार. शेवटी विंडोजला लपवलेले फोल्डर दाखवायला लावले, तेव्हा कुठे ती सापडली.

बाबा भडकले, "माझंच शेत माझ्यापासून लपवून ठेवतो होय रे हा?"

कॉपी करताना मी फाइलवरची शेवटच्या खेळाची वेळ बघितली. "बाबा, आज दुपारी खेळलात?"

"दुपारी? दुपारी माझी वामकुक्षी असते."

आम्ही दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई हात पुसत बाहेर आली. "मग काय करू? हे कलमं लावून मोकळे होतात, पाणी कोण घालणार? गावाला तेच, इथेही तेच!"

मग आई माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "नीट कॉपी कर हां. त्यातल्या कोंबड्या माझ्या आहेत."