कुकरचा गृहप्रवेश

दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये सरकार आणि एका कंपनीने भागीदारीत बांधलेल्या स्वस्त घरांची आज पाहणी होती. राहायला यायचं पुढच्या महिन्यात. रांगेत माझ्यापुढे एक सून आणि भाताचा कुकर पोटाशी धरलेली तिची सासू.

“आई, आज फक्त भिंतींच्या भेगा बघायच्यात. सामान न्यायला मनाई आहे.”

“हे सामान नाही, कुकर आहे. पंचांगाप्रमाणे आज भुतं बाहेर नसतात. राहायला येऊ त्या दिवशी असतील. भुतांच्या आधी कुकर आज आत गेला, की घर आपलं.”

“आणि अडवलं तर?”

“अख्खा जन्म भाड्याच्या तळघरात गेला. आता मिळालेलं घर भुतांच्या हवाली करू?”

दारावर कंपनीचा माणूस होता.

“आजी, कुकर नाही नेता येणार. सरकारचा नियम आहे.”

“मग सरकारला बोलव.”

शेजारच्या टेबलावरचे सरकारी साहेब उठून आले.

“नियम कंपनीचा आहे, आजी.”

“म्हणजे कुणाचाच नाही. सरक बाजूला, बाळा.”

“अहो, नोकरी जाईल माझी! साहेब, सांगा ना यांना.”

“तुझ्या आईने नव्या घरात कुकर कधी नेला होता रे?” साहेबांनी त्यालाच विचारलं.

“...असाच. भुतं नसतात त्या दिवशी, आधीच.”

“मग भेगांना लावतोस तशी दोषाची लाल चिठ्ठी लाव. ‘ओट्यावर कुकर आढळला.’”

“पण साहेब, दोष दुरुस्त करावा लागतो!”

“तुमची कंपनी करणार? लोक राहायला यायच्या आत?”

सून फिस्सकन हसली. कंपनीच्या माणसाने लाल चिठ्ठी काढली.

“झाकणावर नको चिकटवूस,” सासू म्हणाली. “आल्या आल्या भात लावायचाय.”