तिची बहीण पिंजऱ्यात राहिली

पाळीव प्राण्यांच्या दुकानात पैसे द्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिचा मोठा मुलगा उभे होते. मुलाच्या हातातल्या खोक्यात पांढरी उंदरीण होती.

“हिची बहीण मागे पिंजऱ्यात राहिली. तिलाही घे.”

“आई, तुला सोबत म्हणून घेतोय. एक पुरे.”

“मला सोबत झाली. हिला कोण?”

“तू आहेस की दिवसभर.”

“मी बोलेन, दाणे घालेन. पण हिला अंगाला अंग लावून झोपायची सवय आहे, ते मी कुठून करू? एकटी पडली तर खाणंपिणं सोडेल.”

“आणि भांडल्या तर?”

“एकत्र वाढल्यात. भांडतील आणि परत एकमेकींचे कान चाटत बसतील. तुझी मावशी आणि मी जन्मभर भांडतोच आहोत.”

“मावशीचं काय मध्येच?”

“ती रविवारी येतेय. माझ्याकडे राहायला, कायमची. मागची खोली आवरून ठेवलीय मी.”

“एवढं ठरवलंस आणि मला विचारलंही नाहीस?”

“उंदीर घ्यायचं ठरवताना तू मला विचारलं होतंस?”

मुलगा खोकं सांभाळत पिंजऱ्याकडे परत निघाला.

“त्यांना घर मोठं बघून घे,” आई मागून म्हणाली. “दोघी राहणार आहेत.”