हवा धरून

(पांढरकवड्याच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या तुरीच्या शेताच्या बांधावर उभी जीप. सकाळ. आत तिघं: जनावरांची डॉक्टर दीपा, हातात बेशुद्धीच्या डार्टची बंदूक, तिचा धाकटा भाऊ संघदीप, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा, आणि गाडी चालवणारा देवसिंग.)

दीपा : ...मंग काल काहून नाही सांगतलं, का त्या सूत्रात हवाच नाही म्हणून?

संघदीप : हळू बोल. सांगतलं असतं. पण लई सुंदर सूत्र आहे ते, ताई. एका ओळीत उत्तर येते.

दीपा : डार्ट वाघिणीच्या पोटाखालून गेला.

संघदीप : हाव. हवा नसती तर लागला असता.

देवसिंग : हवा नसती तर सर, वाघीण बी नसती.

दीपा : तारेचा फास गळ्यात रुतला तिच्या. जखम सडून राह्यली. आन औषध आता एकाच डार्टपुरतं आहे. नवीन येईपर्यंत ती जगत नाही. तिकडं कापूस वेचणाऱ्या बाया वावरात पाय ठेवत नाहीत. म्हणून इचारून राह्यली, आजचं गणित कोणतं?

संघदीप : बंदुकीसोबतचा तक्ता जुन्या डार्टचा आहे, तो उपयोगाचा नाही. हे डार्ट जड आहेत. म्हणून आज मी हवेचा विरोध गृहीत धरला. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे डार्टच्या मार्गाचं डिफरन्शियल इक्वेशन सूत्रानं सुटू शकत नाही.

दीपा : प्रमाण भाषा बोलून राह्यला तू. भेव लागलं का?

संघदीप : थोडं.

दीपा : सुटत नाही मंजे? मंग आपण इथं कायले बसलो?

संघदीप : सूत्र निघत नाही. उत्तर निघते. डार्ट एकदम वाघिणीपर्यंत न्यायचाच नाही. इवलासा पुढं न्यायचा आन थांबायचं. आता वेग किती राह्यला, हवेनं किती खाल्ला, डार्ट किती खाली आला, ते पाह्यचं. मंग पुन्हा इवलासा पुढं. असं करत करत पोचवायचा.

देवसिंग : मंजे पयल्या गेरमधी.

संघदीप : हाव, पहिल्याच गेअरमधी.

दीपा : आन इवलासा मंजे केवढा? तो मोठा धरला तर?

संघदीप : तर चुकते. पहिल्यांदा चुकलंच. मंग पाऊल अर्धं केलं, तर उत्तर हललं. आणखी अर्धं केलं, तर कमी हललं. करत गेलो. शेवटी उत्तर हलणं बंद झालं.

दीपा : वर्गात तर तू पोट्ट्यायले सांगतं, सूत्र नसलेलं उत्तर मंजे उष्टं जेवण.

संघदीप : सांगत होतो. परवापर्यंत.

दीपा : किती वर धरू?

संघदीप : कालच्या नेमापेक्षा तेवीस सेंटिमीटर.

दीपा : दुर्बिणीत सेंटिमीटर दिसत नाही, संघ्या.

संघदीप : एक वीत.

दीपा : कोणाची? तुही का माही?

संघदीप : हात दाखव... तुही नाही चालत. माही.

देवसिंग : मॅडम. पळसाच्या डाव्या अंगानं.

दीपा : दिसली. मान वाकडी धरून चालून राह्यली.

संघदीप : गाईजवळ येऊ दे तिले. काल तिनं मारलेली गाय आहे, तिथंच येईल. मी तितक्याच अंतराचं काढलं.

दीपा : ती नाही येत गाईजवळ. अलीकडं पाह्यते, पण पाय पलीकडंच आहेत तिचे.

संघदीप : मोबाईलवर पलीकडच्या बोरीपर्यंतचंही आहे. पण ती दोन्हीच्या मधात उभी आहे.

दीपा : मंग मधातलं सांग.

संघदीप : तसं सरळ मधातलं नसते, ताई. डार्टची वाट वाकडी आहे. जसा दूर जाते, तसा जास्त पडते.

दीपा : ती वळून राह्यली.

संघदीप : एक मिनिट.

दीपा : संघ्या, एक मिनिट नाही आपल्यापाशी.

संघदीप : दीड वीत. कालच्यापेक्षा दीड वीत वर.

दीपा : पक्कं?

संघदीप : नाही. जवळपास.

दीपा : जवळपास चालते. मांडी मोठी आहे तिची... कानावर हात ठेवू नको, इतका आवाज नाही होत.

संघदीप : मी डोळ्यावर ठेवून राह्यलो.

देवसिंग : लागला! मांडीतच लागला, मॅडम! ते पाह्य, डार्टची लाल पिसं. तुरीत घुसली.

दीपा : कोणी उतरायचं नाही. औषध चढू द्या.

संघदीप : याचंही समीकरण असते. औषध रक्तात कसं चढते, कसं उतरते...

दीपा : माहीत आहे. हे तर सूत्रानं सुटते.

संघदीप : मंग सूत्र पाहून उतरायचं ना खाली.

दीपा : उतर. आम्ही गाडीतून पाह्यतो.

देवसिंग : काल फारेस्टचे साहेब लई तापले ना, सर. सगळ्यायसमोर इचारलं, गलती किसकी. तर मॅडम बोलली...

दीपा : देवसिंग.

देवसिंग : बोलली, माहाच हात हलला म्हणून.

संघदीप : ताई, तुहा हात नव्हता हलला. मी बाजूलेच होतो.

दीपा : नव्हता.

संघदीप : मंग?

दीपा : तुह्यं नाव सांगतलं असतं तर आज तुले या गाडीत बसू देलं असतं का? मले नवा तक्ता लागत होता. गप्प बस आता.

संघदीप : मले सांगाचं तरी.

दीपा : सांगतलं असतं तर तू रात्रभर माफी मागत बसला असता. गणित कोणी केलं असतं?

देवसिंग : तूर हलणं बंद झालं, मॅडम.

दीपा : मागच्या गाडीतल्या वनरक्षकायले इशारा दे. चला. संघ्या, तूही चल, माणसं कमी आहेत. डोळ्यावर फडकं टाकतो तिच्या, ते धरून ठेव.

संघदीप : कोण? मी?

दीपा : तूच. असं. घट्ट नको धरू, नुसतं धर.

संघदीप : गरम लागते लई.

दीपा : वाघीण आहे. श्वास चालू आहे का, ते सांगत राह्य.

संघदीप : चालू आहे... चालू आहे... थांबला. ताई, थांबला!

दीपा : मान सरळ कर तिची. वर कर. आणखी.

संघदीप : ...चालू झाला.

दीपा : कटर द्या. धरा इकडून... तुटली. ओढू नका, मांसात आहे, मी काढतो हळूहळू. हं. श्वासाची नळी शाबूत आहे. धुऊन घेतो. आता शुद्धीवर आणायचं उलटं औषध देतो, आन मंग कोणी मागं पाह्यचं नाही, सरळ गाडीत.

देवसिंग : सर, फडकं काढा आन पळा.

संघदीप : ...पोचलो. दरवाजा लाव. ताई, आता किती वेळ लागंल तिले?

दीपा : उठंल तव्हा उठंल.

संघदीप : अंदाजे तरी?

दीपा : कोणी लवकर उठते. कोणी उठतच नाही. दोन्ही पाह्यलं मी. तुह्याजवळ याचं काही असंल तर सांग.

संघदीप : नाही.

दीपा : माह्याजवळही नाही.

देवसिंग : कान हलला.

संघदीप : माशी असंल.

देवसिंग : माशी नाई. पंजा बी हलला... मॅडम, बसली. उठून बसली!

संघदीप : उभी राह्यली. पडते का काय... नाही. उभी आहे. ताई, पाह्य ना, दुर्बीण खाली काहून ठेवली?

दीपा : काच ओली झाली. तू सांग.

संघदीप : नाल्यात उतरली. डबक्यापाशी गेली. मान खाली घातली तिनं. पिऊन राह्यली, ताई. चांगलं पिऊन राह्यली.

देवसिंग : चला मंग, काम झालं. गाडी काढतो, साहेबायले खबर देऊ.

दीपा : चालू नको करू. पाणी पिऊन होऊ दे तिचं.