जितकी जुनी, तितकी खाली

भावाला शस्त्रक्रियागृहात नुकतेच नेले होते. बाहेर बाकावर थोरली बहीण जीव मुठीत धरून बसली होती. शेजारी रुग्णालयाचे दोघे संगणकवाले बोलू लागले.

“रुग्णांच्या नोंदी शोधल्या की नव्या वर येतात ना आता?”

“कालपासून. मीच बदललं. जितकी नोंद जुनी, तितकी खाली. डॉक्टरांचीच मागणी होती.”

“आणि कुणाला कुठलं औषध सोसत नाही, ते?”

“तेही नोंदीच्या वयाप्रमाणेच.”

“अरे शहाण्या, ते कधी शिळं होतं का?”

“शोधलं की सापडतं.”

“तळ ढवळायला वेळ आहे कुणाला?”

बहिणीने न राहवून विचारले, “दादा, माझ्या भावाला लहानपणी भूल बाधली होती. ती नोंद वर दिसेल ना?”

बदल करणारा उठला आणि शस्त्रक्रियागृहाच्या दाराकडे झपाझप चालू लागला.