वाटेत घातलेली वेणी

नववीतल्या मुलीला सकाळी आरशापुढून उठवायचं म्हणजे काय असतं, ठाऊक आहे का तुम्हाला? आम्ही कोपरगावकडे साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. आमची नंदा रोज माझ्याकडून वेण्या घालून घ्यायची आणि लगेच सोडायची. "आई, एक वर झाली, एक खाली. परत घाल."

त्या दिवशी सहामाही सुरू होणार होती. उशीर झाला तर पेपरला बसू देणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं. कारखान्याचा भोंगा झाला, तरी हिची एक वेणी सुटलेलीच! मी दप्तर तिच्या हातात दिलं, सुटे केस मुठीत धरले आणि म्हटलं, "चल, वाटेत घालते."

"आई, लोक बघतील!"

"बघू देत. मान सरळ ठेव."

ती पुढे, मी मागे. पाळीला निघालेले कामगार सायकलवरून वळून बघायला लागले. शेजारच्या जुलेखाभाभी दारातून ओरडल्या, "अवो वैनी, पोरीला कासऱ्याला धरून कुठं चालवली?"

"पेपरला!" तोंडातली रिबन सांभाळत मी म्हटलं.

शाळेच्या फाटकाशी रिबन बांधून झाली आणि घंटा वाजली. नंदा मागे न बघता आत पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली, तेव्हा नंदा आपल्या हातानं वेण्या घालून, चपला घालून दारात उभी होती.