व्याह्यांकडचं पनीर

तुम्हाला म्हणून सांगतो, पारनेरला आमच्या व्याह्यांकडं जायचं म्हटलं की मी काहीतरी सबब शोधायचो. मुलगी दिल्यापासून चार वर्षं, जाऊ तेव्हा ताटात पनीर. ते केडगावला आमच्याकडं आले की आम्हीही पनीरच करायचो, त्यांना आवडतं म्हणून.

परवा मी न कळवताच गेलो. विहीणबाई ओशाळल्या. घरात सकाळी शेतातून तोडून आणलेला वाटाणा तेवढा होता. त्याची उसळ केली अन् तव्यावरची गरम भाकरी वाढली. तीन भाकरी हाणल्यावर मी धीर करून म्हणालो, "पाव्हणं, राग मानू नका, पण आमच्या घरात पनीर कुणालाच आवडत न्हाई."

व्याही हातातला घास ताटात ठेवून स्वयंपाकघराकडं वळले अन् म्हणाले, "अगं, सुटलो आपण. आता केडगावला बिनघोर जाता येईल."