लस टोचली, गूळ बाधला

लस बाधते म्हणणाऱ्यांवर मी का भडकतो, ते ऐका राव. आमच्या पोरीला जन्मापासून साखर, गूळ, फळं काही सोसत नाही. आजारपणात तिचे डोस राहिले होते. काही लसींत साखर असते, म्हणून मी आधी पुण्याच्या डॉक्टरांना लसीचं नाव सांगून विचारलं. ते म्हणाले, "ह्या लसीत साखर नाही, द्या."

मढच्या अंगणवाडीत नर्सबाईंनी सुई टोचली, पोरगी रडली. मी कार्ड घ्यायला वळलो, तेवढ्यात शेजारच्या काकीनं तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. टोचल्यावर गोड द्यायची आमच्याकडे रीतच आहे. तासाभरात पोरगी ओकायला लागली, घामानं भिजली. जुन्नरच्या दवाखान्यात सलाईन लावलं, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

परत आलो तर काकी नळावर बायांना सांगत होती, "लस बाधली पोरीला. आपली पोरं न्हाई न्यायची."

"काकी, गूळ तुम्ही घातलात."

"एवढ्याशा गुळानं काय व्हतंय रं?"

पुढच्या महिन्यात नर्सबाई आल्या, तर अख्ख्या गावातनं टोचून घ्यायला एकच पोर आलं. आमचं.